तुर्भ्याचा खेकडा: कारखान्यांच्या गल्लीत घालवलेली सुट्टी

यंदा सुट्टीत कुठं जायचं यावरून आमच्या घरात नेहमीसारखीच वादावादी झाली. नवऱ्याला समुद्र हवा होता, लेकीला बर्फ हवा होता आणि मला फक्त स्वयंपाकघर नको होतं. तेवढ्यात नसरीनचा फोन आला.

"मंजू, चार दिवस माझ्याकडं ये. जुने कपडे आण. जुने म्हणजे टाकून द्यायच्या लायकीचे."

"काय बघायला?"

"खेकडा."

"अगं, खेकडे साताऱ्यातही मिळतात."

"रिक्षाएवढे?"

म्हणून मी गेले. समुद्र आणि बर्फ आपापसात भांडत बसले.

नसरीन माझी कोल्हापूरच्या होस्टेलमधली रूममेट. मूळची रायगडच्या किनाऱ्यावरची. मी बी.कॉम.ची पुस्तकं पाठ करायचे तेव्हा ही समोरच्या कॉटवर बसून सायकलच्या मोडक्या चेनची पाल बनवायची आणि माझ्या उशीखाली ठेवायची. पुढं वाशीच्या एका शाळेत तिनं बरीच वर्षं चित्रकला शिकवली. चित्रकलेचे तास कमी होत होत उरलेच नाहीत, तेव्हा तिनं नोकरी सोडली आणि शिरवण्यात एक गाळा भाड्यानं घेतला. तिथं ती भंगारातून शिल्पं बनवते. आतापर्यंतची सगळी शिल्पं लोकांच्या दिवाणखान्यात गेली. रस्त्यावर सगळ्यांना दिसेल असं तिचं पहिलंच काम म्हणजे हा खेकडा.

जाणाऱ्यांसाठी माहिती: साताऱ्याहून सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा खिडकीची जागा मिळाली की राणीसारखं बसायचं. एक्स्प्रेसवेवरच्या फूडमॉलमध्ये चहा पिऊन पस्तावण्यापेक्षा घरून दशम्या घ्या. आणि कंडक्टरला आधीच सांगून ठेवा की नेरूळला 'एलपी'ला उतरायचंय, नाहीतर तो तुम्हाला थेट वाशीला नेऊन सोडेल. एलपी म्हणजे काय, हे मी तिथल्या पाच-सहा जणांना विचारलं. सगळ्यांनी हात करून दाखवलं, "हे काय, हेच की एलपी."

नसरीन घ्यायला आली ती डोक्यावर वेल्डिंगचा चष्मा चढवूनच. गाळ्यात पोचल्यावर मी खेकडा पाहिला आणि बॅग खाली ठेवायचंच विसरले. कॉम्प्युटरच्या डब्यांच्या पत्र्यांचे आठ पाय, कोपरात वाकवलेले. पुढं दोन नांग्या, त्यांवर की-बोर्डची बटणं खवल्यांसारखी बसवलेली. पण मधलं अंग म्हणजे नुसता सळयांचा पिंजरा. आरपार पलीकडची भिंत दिसत होती.

"याचं पोट कुठंय?"

"तेच तर गोळा करायचंय," नसरीन म्हणाली.

मग चहा पिता पिता सगळी हकिगत कळली. तुर्भ्यातल्या कारखानदारांच्या संघटनेनं चौकातलं एक बेट तिला शिल्पासाठी दिलं होतं. त्यामागची कल्पना फार चांगली होती. कंपन्यांनी आपले बंद पडलेले कॉम्प्युटर, प्रिंटर, वायरी परवाना असलेल्या रीसायकल कारखान्याकडं पाठवायच्या. तिथं त्यातला विषारी माल वेगळा निघणार आणि उरलेले निर्धोक पत्रे, बटणं, तबकड्या नसरीनकडं येणार. त्यातून शिल्प होईल, ते बघून बाकीच्या कंपन्याही आपापली अडगळ बाहेर काढतील. सभेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या वाजवून झाल्यावर सगळे घरी गेले. सामान कुणीच पाठवलं नाही. खेकड्याचे पाय आणि नांग्या झाल्या त्यासुद्धा नसरीनच्या जुन्या शाळेनं कॉम्प्युटर खोली रिकामी केली म्हणून.

"आणि आता संघटनेचे सेक्रेटरी दातार म्हणतात, रविवारपर्यंत हा पुरा झाला नाही तर ते बेटावर फायबरचा डॉल्फिन बसवणार. तयार मिळतो."

"डॉल्फिन? तुर्भ्यात?"

"निळा. पोटात दिवे लागतात."

ती हसली आणि कपबशा उचलून आत गेली. रात्री जेवायला नारळाच्या दुधातली कोलंबी आणि सांदणं होती. तिच्या हातच्या सांदणांसाठी मी उन्हात उभी राहीन. पण ती स्वतः दोन घासांवर थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरीदादांचा टेम्पो आला. हरीदादा शिरवण्याचेच, आगरी. टेम्पोच्या काचेवर मुलीचं नाव, आत गोंडेदार पडदे. खेकड्याकडं एकदा बघून त्यांनी मला सांगून टाकलं, "ताई, खेकरा नाय बोलायचा. चिंबोरी बोला. आमचे बापाचे टायमाला खाडीन हात घातला का चिंबोरी गावायची. आता हात घातला तं नुसता काला पानी."

म्हणूनच हा खेकडा. नसरीननं वाटेत सांगितलं, की कंपन्यांचं जुनं सामान भंगारातून फिरत फिरत कुठंतरी आडोशाला पोचतं. तिथं वायरी जाळून तांबं काढतात, सर्किटं ॲसिडमध्ये बुडवतात. राख आणि पाणी शेवटी खाडीत. "खाडीत राहतं कोण? हाच. मग यालाच चौकात आणून बसवू म्हटलं. बघू दे सगळ्यांकडं."

आमचं पहिलं प्रेक्षणीय स्थळ होतं तळोजा. (रस्ता: बेलापूर, खारघर, पुढं कळंबोलीकडून. खिडक्या बंद ठेवा. प्रत्येक वळणाला वेगळा वास येतो, आणि हरीदादा डोळे मिटून वासावरून कारखाना ओळखतात. डोळे मिटून गाडी चालवू नका, असं मी त्यांना दोनदा सांगितलं.) तिथल्या मॅनेजरनी आम्हाला उत्तम चहा पाजला, पर्यावरणाच्या ढाली दाखवल्या, आमच्याबरोबर फोटो काढले. स्टोअरच्या काचेतून जुन्या मॉनिटरांची चळत दिसत होती.

"ते द्याल का?"

"द्यायचंच आहे मॅडम. हेड ऑफिसला एक मेल टाका."

दुसरं स्थळ कोपरखैरणे. मिठाईच्या दुकानावर एका सरांचे टायपिंग आणि अकाउंटिंगचे क्लास. कोपऱ्यात कॉम्प्युटर छतापर्यंत रचलेले, सगळ्यात वरच्यावर गणपती आणि उदबत्तीचं घर.

"टाकायचे नाहीत हे," सर म्हणाले. "लागतात कधीतरी."

"चालतात का?"

"नाही. पण एकदा टाकले की दुसऱ्याच दिवशी लागतात."

माझ्या घरीही हेच शास्त्र चालतं. खाली येऊन आम्ही राइसप्लेट खाल्ली. कोपरखैरण्यात गेलात तर दुपारी एकच्या आत जेवून घ्या, नंतर सगळी ऑफिसं एकदम उतरतात आणि बसायला बाक मिळत नाही. टेम्पोत तोवरची कमाई एक माउस, तोही वायर तुटलेला. सरांनी दया येऊन दिलेला. हरीदादांनी तो मागं न ठेवता डॅशबोर्डवर ठेवला. "मागं एकटा घाबरंल," म्हणाले.

शेवटी तुर्भे. मोठ्या रस्त्याला लागून, बेटाच्या चौकासमोरच, गाळ्यांची एक चार मजली इमारत, खाली अंगण, समोर चहाची टपरी. दुसऱ्या मजल्यावर सावंतांचं ऑफिस होतं. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कामगारांचे पगार करून देणारं. सावंत इस्त्रीच्या शर्टातले, मोजकं बोलणारे. त्यांनी आम्हाला एक लोखंडी कपाट दाखवलं, पण उघडलं नाही.

"यात जुन्या हार्डडिस्क आहेत. हजारो लोकांचे पगार, बँकेचे नंबर. उद्या हे बाहेर फुटलं तर माझा धंदा संपला. म्हणून कुणाला देत नाही."

"रीसायकलवाले डिस्क मोडून देतात. सर्टिफिकेटही देतात," नसरीन म्हणाली.

"कागदावर माझा विश्वास नाही. मी आयुष्यभर कागदच करतोय. डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

नसरीन उठून खाली गेली. मला वाटलं, संपलं. ती चिडून टेम्पोत बसली असणार. पाच मिनिटांनी ती वर आली तेव्हा तिच्या एका हातात ड्रिल होतं आणि दुसऱ्या हातात शिकंजा.

"घ्या सर. डोळ्यांनी बघा, आणि हातांनीच करा."

सावंतांनी आधी ड्रिलकडं बघितलं, मग दाराकडं, मग शर्टाच्या बाह्या वर केल्या. नसरीननं त्यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, डिस्क शिकंज्यात आवळली. ड्रिल सुरू झालं. कर्कश्श आवाज, मग 'टक्' करून आतली तबकडी फुटली. सावंत थांबले. चष्मा वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते फक्त पहिल्यांदा फटाका वाजवलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसतं.

"अजून एक देता?" त्यांनी विचारलं. मग लक्षात आलं की डिस्क तर त्यांच्याच आहेत. त्यांनी कपाट उघडलं.

दहा मिनिटांत सगळं ऑफिस गोळा झालं. अकाउंट्सच्या बाई पुढं आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मला त्या वर्षीची द्या. मार्च एंडिंगला बंद पडली होती ती." त्यांनी त्या डिस्कला एक भोक पाडलं, मग दुसरं, मग तिसरं. सावंत हळूच म्हणाले, "बाई, झालं." बाई म्हणाल्या, "माझं नाही झालं अजून."

आवाजामुळं शेजारच्या गाळ्यातले वाघमारे दारात येऊन उभे राहिले. त्यांचा लेबलं छापायचा छोटा धंदा आहे. नांदेडकडचे, साठीचे, खिशात दोन पेनं. बराच वेळ बघत राहिले आणि निघून गेले. मला वाटलं आवाजाला वैतागले.

सावंतांनी आपला भोक पाडतानाचा व्हिडिओ इमारतीच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो संघटनेच्या ग्रुपवर गेला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी आम्ही पोचलो तर इमारतीच्या अंगणात रांग लागलेली! कुणाच्या हातात डिस्क, कुणाच्या काखेत अख्खा डबा, कुणी हातगाडीवर झेरॉक्स मशीन घेऊन आलेला. रीसायकलवाल्यांची गाडी बाजूला उभी, त्यांचा माणूस एकेक नग नोंदवून घेत होता. टपरीवाल्यानं स्टोव्ह अंगणातच आणला. मी ड्रिलची व्यवस्था सांभाळली: चष्मा घाला, टाय आत टाका, अंगठा बाजूला घ्या. बी.कॉम.चा एवढा उपयोग याआधी कधी झाला नव्हता.

एकानं डोळे मिटून डिस्कला नमस्कार केला आणि मग भोक पाडलं. एक जण म्हणाला, "यात माझ्या जुन्या पार्टनरचे मेल आहेत," आणि लोकांनी टाळ्या वाजवून त्याला पुढं जाऊ दिलं.

दुपारी दातारसाहेब आले. गाडीतून उतरतानाच हातात रंगीत कॅटलॉग, वर डॉल्फिन. गर्दी बघून त्यांनी कॅटलॉग काखेत धरलं.

"हा काय प्रकार आहे?"

"पोट भरतंय सर," नसरीन म्हणाली.

दातार रांगेच्या कडेनं दोन फेऱ्या मारून आले. मग त्यांनी आपल्या कारखान्यात फोन लावला. "स्टोअरची चावी कुणाकडं आहे? माझ्याकडं? बरं." फोन ठेवून ते नसरीनला म्हणाले, "आमचंही बरंच सामान आहे. पण मोठी नांगी आमच्या कंपनीच्या नावाची पाहिजे."

"मोठी नांगी सावंतांची ठरली."

"मग काय शिल्लक आहे?"

"डोळे."

"डोळे चालतील. आमच्या गेटवरचे दोन सीसीटीव्ही आहेत. वर्षभर बंदच आहेत."

मागं उभा असलेला त्यांचा मॅनेजर खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, आता हे सगळ्यांना कळलं." दातारांनी इकडंतिकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच हसले. मग रांगेत जाऊन उभे राहिले, अगदी शेवटी.

ऊन उतरत आलं, अंगण रिकामं झालं, तेव्हा वाघमारे जिना उतरून आले. हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि चादरीची गाठ सोडली. आत एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता. दोन्ही कडांना भोकं असलेला कागद ओढणारा. पिवळा पडलेला, पण धुळीचा एक कण नाही.

"काल मी सगळं बघायलो होतो," ते म्हणाले. "रात्रभर इचार केला."

नसरीननं हातातलं ड्रिल खाली ठेवलं.

"कोपरखैरण्याला एका खोलीत होतो आमी. सुशीला, माझी मिसेस, यावर लोकांची बिलं छापायची. दिवसभर खर्र खर्र. शेजारचे ओरडायचे. ती म्हणायची, हा आवाज येतोय तवर चूल पेटलीय समजा. ती गेली, त्याच्या आधीच हा बंद पडला होता. भंगारवाला दोनदा येऊन गेला ताई. नाही देववलं." त्यांनी प्रिंटरच्या झाकणावरून हात फिरवला. "भंगारात नाही द्यायचा मला. खेकड्यात देतो. तिथं रोज दिसंल."

नसरीननं लगेच हो म्हटलं नाही. ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "काका, आतलं सर्किट काढावं लागेल. ते रीसायकलला जाईल. बाकी सगळं मी ठेवीन, जसंच्या तसं. चालेल?"

"काढा. पर माझ्यासमोर."

तिनं स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्याच हातात दिला. दोघांनी मिळून झाकण उघडलं. वाघमारेंनी एकेक स्क्रू काढून शर्टाच्या खिशात टाकला. सर्किट निघालं तेव्हा त्यांनी ते क्षणभर तळहातावर तोललं आणि रीसायकलच्या पेटीत स्वतः ठेवलं.

"कुठं बसवू?" नसरीननं विचारलं.

"डाव्या अंगाला. माझ्या गाळ्यातून दिसायला पाहिजे."

त्या संध्याकाळी हरीदादांच्या घरी जेवण होतं. तांदळाच्या भाकरी आणि चिंबोरीचा झणझणीत रस्सा. दिवसभर खेकड्यासाठी राबायचं आणि मग तोच ताटात, नसरीनला अवघड जाईल असं मला वाटलं. तिनं तीन वाट्या रस्सा प्याला आणि मग गाळ्यात जाऊन रात्रभर तबकड्या, प्रिंटर आणि दातारांचे डोळे जोडत बसली.

रविवारी सकाळी खेकडा टेम्पोच्या मागच्या हौद्यातून डुलत डुलत तुर्भ्याच्या चौकात आला. पाठीवर सगळ्यांच्या डिस्कच्या तबकड्या, प्रत्येकीला भोक, उन्हात आरशासारख्या लखलखत. उचलायला हायड्रा क्रेन आली होती. वाहतूक हवालदार, सावंत, दातार, अकाउंट्सच्या बाई, सगळे हजर. क्रेननं खेकडा वर उचलला, तो माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर गेला आणि 'कड्' असा आवाज झाला. मागचा एक पाय सांध्यातून सुटून लोंबायला लागला.

लोक दोन पावलं मागं सरले. दातार पुटपुटले, "फायबर हलकं असतं." पण त्यांच्या बोलण्यात जोर नव्हता.

नसरीननं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "खाली घ्या," ती क्रेनवाल्याला म्हणाली. तिचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा शांत होता. खेकडा रस्त्याच्या कडेला टेकला. सावंत धावत जाऊन इमारतीतून विजेची लांब वायर घेऊन आले. वाघमारेंनी आपल्या गाळ्यातून लोखंडी पट्ट्या आणल्या. नसरीन उन्हात पायाखाली सरपटली आणि वेल्डिंग सुरू केलं. तास कधी गेला कळलं नाही. मी इकडंतिकडं पाहिलं, आलेल्यांतला एकही माणूस घरी गेला नव्हता. हवालदारसुद्धा एका हातानं गाड्या सोडत दुसऱ्या हातानं चहा पीत होता.

दुसऱ्यांदा उचलला तेव्हा तो हलला नाही. बेटावर बसला, आठही पायांवर. सीसीटीव्हीचे डोळे थेट रस्त्याकडं. नसरीन चष्मा काढून नुसती बघत राहिली. मी तिला काहीतरी छान बोलायला गेले, तर ती म्हणाली, "उजवी नांगी जरा वर पाहिजे होती ना?"

बेटाशेजारी जाळीचा एक मोठा पिंजरा ठेवला होता, जुनं सामान टाकायला. त्याची चावी रीसायकलवाल्यांकडं. भाषणं होतील की काय या धास्तीनं आम्ही सटकणार, एवढ्यात एक ट्रक कडेला थांबला. ड्रायव्हर उतरला. मला वाटलं सेल्फी. त्यानं केबिनमधून बंद पडलेला टेप काढला, वायरी लोंबत असलेला, आणि सरळ नसरीनला विचारलं, "मॅडम, ये इधर टाकने का क्या?"

"हां भैया, इधरच."

टेप पिंजऱ्यात पडला. ट्रक गेला. नसरीन तिथंच कठड्यावर बसली आणि तोंड ओढणीत लपवून रडली. हरीदादा तिच्या बाजूला उभे राहून हवालदाराला सांगत होते, "चिंबोरी हाय ती. खेकरा नाय."

घरी येऊन आता महिना होत आला. मी काही जग बदललेलं बघून आले, असं म्हणणार नाही. कोपरखैरण्याचे सर अजून मॉनिटरवर उदबत्ती लावतात. तळोज्याच्या हेड ऑफिसचं उत्तर आलं: सामान द्यायला हरकत नाही, पण खेकड्याऐवजी मोर करता येईल का? तुर्भ्यातला पिंजरा मात्र एकदा भरून रिकामा झाला आणि पुन्हा भरत आलाय. नसरीनकडं आणखी दोन इमारतींतून विचारणा आली आहे. शिल्पाची नाही, ड्रिलची.

त्या सुट्टीतलं माझ्याबरोबर राहिलं ते वाघमारेंचं बोलणं. वस्तू सोडवत नाही कारण सोडली की ती दिसेनाशी होते. ती दिसत राहील, एवढी हमी मिळाली की माणूस मूठ उघडतो. इतकी साधी गोष्ट कळायला मला तुर्भ्याला जावं लागलं.

नसरीन सांगते, वाघमारे रोज सकाळी गाळा उघडायच्या आधी चौकात येतात. आधी प्रिंटर रुमालानं पुसतात. मग हात पोचेल तेवढं आजूबाजूचंही पुसून काढतात. त्यामुळं खेकड्याची डावी बाजू सदा लखलखीत असते आणि ट्रकच्या धुळीनं उजवी पार करडी पडलेली असते. दातारांनी याबद्दल रीतसर तक्रार केली आहे.

तेव्हा जाणार असाल तर एलपीला उतरा, तिथून तुर्भ्याकडची बस धरा आणि बरोबर एक जुनं फडकं ठेवा. उजवी बाजू अजून कुणी घेतलेली नाही.